अल्प उत्पन्न कुटुंबांसाठीच्या ऊर्जा-साहाय्य योजनांचे मूल्यमापन: बिल फारसे उतरले नाही, तर योजना फसली असे म्हणावे का?

निरांजन (प्रश्न)

नमस्कार. मी ज्या संस्थेत काम करतो ती अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना दोन प्रकारे मदत करते. पहिली मदत थेट बिलाची असते. थकबाकी वाढून पुरवठा तोडला जाण्याची वेळ आलेल्या कुटुंबाच्या खात्यात ठरावीक रक्कम भरली जाते. दुसरी मदत घराच्या सुधारणेची असते. त्यात छताला आणि भिंतींना उष्णतारोधक थर बसवणे, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवणे आणि जुनी उपकरणे बदलून कमी वीज लागणारी देणे ही कामे येतात, आणि यांपैकी कशाचाही खर्च कुटुंबाकडून घेतला जात नाही.

ज्यांच्या निधीवर हे काम चालते त्यांनी आता मूल्यमापनाचा अहवाल मागितला आहे आणि त्यांचा प्रश्न एका ओळीचा आहे: जेवढा खर्च झाला त्याच्या मानाने ऊर्जा किती वाचली? आमच्याकडे सुधारणा झालेल्या घरांची कामाआधीची आणि कामानंतरची बिले आहेत, कोणत्या घरात काय बसवले याची नोंद आहे, आणि काम सुरू करण्यापूर्वी संगणकीय प्रारूपाने वर्तवलेल्या बचतीचे आकडेही आहेत. हे तिन्ही शेजारी मांडल्यावर जे दिसते ते अडचणीचे आहे. प्रत्यक्ष बचत वर्तवलेल्या बचतीच्या निम्म्याहूनही कमी भरते, आणि काही घरांत तर कामानंतर वापर वाढलेला आहे.

सहकाऱ्यांत यावर दोन तट पडले आहेत. काहींचे म्हणणे असे की, ही कुटुंबे पूर्वी काटकसरीने थंडी किंवा उकाडा सोसत होती, आता जरा सुखाने राहतात, म्हणून बचत दिसत नाही आणि त्यात वाईट काही नाही. इतरांना वाटते की हे स्पष्टीकरण फार सोयीचे आहे, आणि अपयश झाकायला ते नेहमीच हाताशी असते. मला स्वतःला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. अशा योजनांचे मूल्यमापन नेमके कशावर करावे आणि हाती असलेल्या माहितीतून प्रामाणिकपणे काय म्हणता येईल, हे जाणकारांनी सांगावे. बिलाच्या मदतीचे मूल्यमापन कसे करावे हा प्रश्न तर मी अजून हातातही घेतलेला नाही.

आकडेमोड

सुखसोयीच्या वादाकडे वळण्याआधी तुमचा 'प्रत्यक्ष बचती'चा आकडाच तपासून घ्यावा असे मी सुचवेन, कारण फक्त लाभार्थी घरांची आधीची आणि नंतरची बिले शेजारी ठेवून काढलेला आकडा बहुधा दिसतो तसा नसतो.

पहिला घोळ हवामानाचा. कामाआधीचा हिवाळा कडक आणि नंतरचा सौम्य असेल तर काहीही न बसवता बिल उतरते, आणि उलट घडले तर चांगल्या कामाचीही बचत दिसेनाशी होते. यावरचा उपाय जुना आहे. बाहेरचे दैनिक तापमान एका आधारापेक्षा, बहुधा सुमारे १८ अंश सेल्सियसपेक्षा, किती खाली किंवा वर होते याची बेरीज म्हणजे अंश-दिवस. प्रत्येक घराच्या वापराचे या अंश-दिवसांशी असलेले नाते काढायचे आणि दोन्ही काळांतला वापर एकाच 'सरासरी वर्षा'च्या हवामानावर आणून मग तुलना करायची. प्रिन्स्टन विद्यापीठात १९८० च्या दशकात हीच रीत 'प्रिझम' या नावाने नीट बांधली गेली आणि त्यासाठी मासिक बिलांहून अधिक काही लागत नाही. मात्र त्या बिलांतले अंदाजे वाचन आधी बाजूला काढा. मीटर न पाहता सरासरीने लावलेले आकडे या हिशेबात मिसळले की नात्याचा चुथडा होतो.

दुसरा घोळ अधिक फसवा आहे आणि साहाय्य योजनांत तो हमखास असतो. कुटुंब मदतीसाठी केव्हा येते? बिल असह्य झाल्यावर. म्हणजे ज्या वर्षी घरात आजारपण होते, नवे बाळ आले होते किंवा एखादे उपकरण बिघडून वीज खात होते, नेमक्या त्या वर्षीचा वापर 'आधीचा' म्हणून नोंदला जातो. पुढच्या वर्षी तो आपोआपच नेहमीच्या पातळीकडे उतरतो आणि ती उतरण योजनेच्या खात्यात जमा होते. म्हणून तुलनागट लागतोच: तशीच कुटुंबे, त्याच काळातली, पण काम न झालेली.

उपलब्ध असेल तर प्रतीक्षायादी हा चांगला तुलनागट आहे, कारण त्या कुटुंबांनीही अर्ज केलेला असतो आणि तीही पात्र ठरलेली असतात. अट एवढीच की यादीतला क्रम निकडीवर ठरलेला नसावा. सर्वांत गरजू कुटुंबांना आधी घेतले असेल तर मागे राहिलेली कुटुंबे त्यांच्यासारखी नसतात, आणि मग प्राधान्यगुण सारखे असलेल्या कुटुंबांचीच एकमेकांशी तुलना करावी लागते.

कुणालाही मदत नाकारता येत नसेल तर काय करावे याचे उत्तर अमेरिकेतील मिशिगन राज्यात झालेल्या प्रयोगात सापडते. तेथील 'वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्राम' हा १९७६ च्या कायद्याने सुरू झालेला, गरीब कुटुंबांची घरे विनामूल्य सुधारून देणारा कार्यक्रम आहे. फाउली, ग्रीनस्टोन आणि वुल्फ्रम या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे ३०,००० घरांचा गट घेतला आणि त्यातील सुमारे एक चतुर्थांश घरे चिठ्ठ्या टाकाव्या तशी निवडून फक्त त्यांना अर्ज करण्यासाठी प्रोत्साहन दिले. फोन केले, घरी माणसे पाठवली, कागदपत्रे भरायला मदत केली. इतरांना अर्ज करण्याची मनाई नव्हती. प्रोत्साहन चिठ्ठीने ठरल्यामुळे दोन गटांतील वापराच्या फरकावरून कामाचा परिणाम काढता आला. २०१८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष तुमच्या आकड्यांशी विलक्षण जुळतात: प्रारूपाने वर्तवलेली बचत प्रत्यक्ष बचतीच्या तिपटीहून अधिक होती, आणि सुरुवातीचा खर्च वाचलेल्या ऊर्जेच्या किमतीच्या सुमारे दुप्पट होता. म्हणजे तुमची संस्था जगावेगळी नाही.

माझे मत असे की प्रारूपाचा आकडा अहवालात 'अपेक्षा' म्हणून द्यावा आणि 'बचत' हा शब्द फक्त मोजलेल्या, हवामान-समायोजित आणि तुलनागटाशी ताडून पाहिलेल्या आकड्यासाठी राखून ठेवावा. त्या आकड्याशेजारी अनिश्चिततेची कक्षाही, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो हेही, लिहावे, कारण घरे थोडी असतील तर ती कक्षा इतकी रुंद येऊ शकते की 'बचत झाली नाही' असेही ठामपणे म्हणता येणार नाही.

उंबरा

आकडेमोड यांनी मोजणी कशी करावी हे उत्तम सांगितले, पण मोजायचे काय हा निरांजन यांचा मूळ प्रश्न त्यात मागे पडला असे मला वाटते. ज्या घरात वापर मुळातच गरजेपेक्षा कमी आहे तिथे वाचलेले युनिट ही यशाची एकमेव खूण मानली तर उपाशी माणसाला कमी जेवल्याबद्दल शाबासकी दिल्यासारखे होईल.

प्रारूपे चुकतात त्याचे एक मोठे कारण इथेच आहे. संगणकीय प्रारूप असे गृहीत धरते की सुधारणेपूर्वीही घरातल्या सर्व खोल्या आरामदायक तापमानाला ठेवल्या जात होत्या. प्रत्यक्षात गरीब कुटुंब एकच खोली गरम करते, रात्री हीटर बंद ठेवते, पंख्यावर भागवते. जर्मनीतील घरांच्या माहितीवरून सुनिक्का-ब्लँक आणि गॅल्विन यांनी २०१२ मध्ये दाखवले की प्रत्यक्ष वापर हा गणिताने काढलेल्या वापरापेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी कमी होता, आणि घर जितके गळके तितकी ही तफावत मोठी होती. जी ऊर्जा खर्चच होत नव्हती ती वाचणार कुठून? तेव्हा वर्तवलेल्या बचतीशी तुलना करून एखाद्या योजनेला नापास ठरवताना, नापास कोण झाले, योजना की प्रारूप, हे आधी पाहावे.

उष्ण प्रदेशातही हेच घडते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील वीजवापराचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक वेगळे मोजमाप सुचवले: बाहेरचे तापमान किती झाल्यावर एखादे कुटुंब घर थंड करायला सुरुवात करते? अल्प उत्पन्न गटातील कुटुंबे सधन कुटुंबांपेक्षा ४.७ ते ७.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण अडीच ते चार अंश सेल्सियस, अधिक तापमान होईपर्यंत थांबत होती. अशा घराचे बिल लहान असते, उत्पन्नाशी त्याचे प्रमाणही कदाचित बेताचेच दिसते, आणि म्हणून ते कुटुंब कोणत्याच यादीत येत नाही. तुमच्याकडे दैनिक वापराची नोंद देणारे मीटर असतील तर हे मोजमाप तुम्हालाही काढता येईल, आणि कामानंतर हा उंबरठा खाली आला का हे बघणे बिलातील फरकाइतकेच बोलके ठरेल.

फायदा कुठे जातो याचे माझ्या माहितीतील सर्वांत स्वच्छ उदाहरण न्यूझीलंडचे आहे. तेथे सात अल्प उत्पन्न वस्त्यांतील १,३५० कुटुंबांवर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसे गट पाडून केलेली, चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. इन्सुलेशन केलेल्या, म्हणजे उष्णतारोधक थर बसवलेल्या, घरांत हिवाळ्यातील शयनगृहाचे तापमान अवघे अर्ध्या अंशाने वाढले आणि दमटपणा थोडा घटला. ऊर्जेचा वापर मात्र इन्सुलेशन न केलेल्या घरांच्या ८१ टक्के इतका खाली आला, आणि त्याच वेळी छातीत घरघर होण्याच्या तक्रारी, शाळा व कामावरील गैरहजेरी आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्याही कमी नोंदल्या गेल्या. पुढे त्या देशाने २००९ पासून राबवलेल्या व्यापक योजनेच्या मूल्यमापनात पैशात मोजलेल्या फायद्यांचा सिंहाचा वाटा आरोग्याचाच निघाला. केवळ वीजबिले पाहून तिचा निवाडा केला असता तर तो चुकला असता.

हा भार ताटापर्यंतही पोचतो. अमेरिकेतील २००३ च्या एका अभ्यासात असे आढळले की कडक थंडीत इंधनावरचा खर्च वाढला की गरीब कुटुंबांचा अन्नावरचा खर्च जवळपास तेवढ्याच रकमेने घटतो, सधन कुटुंबांचा घटत नाही. बिलातील बचत छोटी दिसली तरी ती कुठल्या खर्चातून सुटली हे विचारल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की तुमच्या अहवालात घरातील तापमान, दमटपणा, आजारपण आणि थकबाकी यांना ऊर्जेच्या बचतीच्या बरोबरीची जागा असावी, परिशिष्टातली नव्हे.

ओळंबा

मी आकडेतज्ज्ञ नाही. घरांच्या इन्सुलेशनची कामे करून घेणे आणि झालेली कामे तपासणे हा माझा व्यवसाय आहे. उंबरा यांच्या मांडणीबद्दल आदर राखून सांगतो, की 'लोक आता सुखाने राहतात' हे स्पष्टीकरण पुरावा नसताना स्वीकारले जाते तेव्हा त्याचा सर्वांत मोठा लाभ वाईट काम करणाऱ्या कंत्राटदाराला होतो.

वर उल्लेख झालेल्या मिशिगनच्या अभ्यासातच संशोधकांनी घरांतील तापमान तपासले होते, आणि सुधारलेल्या घरांत ते लक्षणीय वाढल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्याहून नेमके उत्तर इलिनॉय राज्यातील तशाच कार्यक्रमावर झालेल्या अभ्यासात आहे. क्रिस्टेन्सन, फ्रान्सिस्को, मायर्स आणि सूझा यांनी वर्तवलेल्या आणि प्रत्यक्ष बचतीतील तफावतीची फोड केली. तफावतीचा ४१ टक्क्यांपर्यंतचा भाग प्रारूपातील दोषाने, विशेषतः भिंतींच्या इन्सुलेशनची बचत फुगवून धरल्यामुळे, समजावता येतो. ४३ टक्के भागामागे कामाच्या दर्जातील फरक आहे. आणि लोकांनी वापर वाढवल्यामुळे पडलेला फरक फक्त ६ टक्के. हे प्रमाण सगळीकडे असेच असेल असे मी म्हणत नाही, पण तुमच्या सहकाऱ्यांच्या वादात हा आकडा टेबलावर असायला हवा.

दर्जा म्हणजे काय, हे जागेवर पाहिल्याशिवाय कळत नाही. छताच्या कोपऱ्यांत थर पातळ पडतो, कारण तिथे हात पोचत नाही. पोकळ भिंतीत भरलेला माल पुरेसा दाबलेला नसेल तर तो काही महिन्यांत खाली बसतो आणि वरची हातभर जागा रिकामी राहते. खिडकीच्या चौकटीला बाहेरून सुबक लेप दिलेला असतो, पण हवा येत असते ती पाइप आणि तारा भिंतीतून जातात त्या भोकांतून, आणि तिकडे कुणी पाहिलेलेच नसते. नोंदवहीत मात्र प्रत्येक घरापुढे 'काम पूर्ण' असते. म्हणून कामाआधी आणि कामानंतर ब्लोअर डोअर चाचणी करावी. दारात पंखा बसवून घरातील दाब बाहेरच्यापेक्षा ठरावीक फरकाने, बहुधा ५० पास्कलने, उतरवला की हवेची गळती आकड्यात सांगता येते. थंडीच्या दिवसांत थर्मल कॅमेऱ्याने भिंत पाहिली तर रिकाम्या जागाही दिसतात. आणि ही तपासणी काम करणाऱ्याने स्वतः करायची नसते.

निरांजन, तुमच्याकडे कोणते घर कोणत्या चमूने केले याची नोंद असेल तर बचतीचे आकडे चमूनुसार मांडून पाहा. एकाच प्रकारच्या घरांत एका चमूची बचत दुसऱ्याच्या दुप्पट निघाली तर मोठ्या सिद्धान्ताची गरज उरणार नाही. ज्या घरांत वापर वाढला आहे तिथे आधी एक साधी चौकशी करा: नवे उपकरण दिल्यावर जुने खरोखर उचलून नेले का? जुना फ्रिज मागच्या खोलीत चालूच राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे. मेक्सिकोत २००९ ते २०१२ या काळात जुने परत घेऊन १९ लाख फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रे बदलून दिली गेली, तरी फ्रिजमुळे वीजवापर सरासरी ८ टक्केच घटला, जो अपेक्षेच्या सुमारे चौथा हिस्सा होता, आणि वातानुकूलन यंत्रांमुळे तर तो वाढला. यंत्र बदलले म्हणजे वीज वाचलीच, हे समीकरण तिथे उपकरण परत घेऊनही जमले नाही.

आणखी एक गोष्ट अहवालांत सहसा येत नाही. छत गळते आहे, भिंतीला बुरशी आहे किंवा वायरिंग धोकादायक आहे, अशा घरांना इन्सुलेशन करता येत नाही म्हणून पथके परत फिरतात. ही घरे सर्वांत गरीब कुटुंबांची असतात. ती यादीतून गळाली की उरलेल्या घरांचा सरासरी निकाल चांगला दिसतो, पण योजना ज्यांच्यासाठी होती ते बाहेरच राहतात. अशा परत फिरवलेल्या घरांची संख्या आणि कारणे अहवालात असलीच पाहिजेत. आणि घाईने उद्दिष्टे गाठण्याच्या मोहाबद्दल एवढेच सांगतो, की ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये सुरू झालेल्या इन्सुलेशन योजनेत काम करताना चार तरुण कामगारांचा मृत्यू झाला, २०१० च्या फेब्रुवारीत ती योजना बंद करावी लागली आणि पुढे त्यावर रॉयल कमिशन, म्हणजे उच्चस्तरीय चौकशी आयोग, बसले. सुरक्षितता हासुद्धा मूल्यमापनाचा विषय आहे.

निरांजन

तिघांचेही मनापासून आभार. चमूनुसार मांडणी करून पाहण्याचे आमच्यापैकी कुणालाही सुचले नव्हते, ते लगेच करतो. घरातील तापमानाच्या जुन्या नोंदी मात्र आमच्याकडे नाहीत. त्यामुळे आधीच्या कामांपुरता सुखसोयीचा मुद्दा सिद्धही करता येणार नाही आणि खोडताही येणार नाही, असेच मला लिहावे लागेल असे दिसते. आता बिलाच्या मदतीविषयी विचारतो. तिच्यामुळे ऊर्जा वाचणार नाही हे उघड आहे. मग तिचे यश कशात पाहायचे? निधी देणाऱ्यांच्या एका प्रतिनिधीने तर असे सुचवले आहे की ही मदत बंद करून सगळा पैसा घरसुधारणेकडे वळवावा, कारण ती 'कायमची' आहे.

पाणपोई

बिलाच्या मदतीचे काम मी अनेक वर्षे पाहते आहे, म्हणून या शेवटच्या सूचनेला आधी उत्तर देते. दोन मदतींचा काळ वेगळा आहे. घराचे काम होईपर्यंत महिने, कधी वर्षे जातात, आणि पुरवठा तोडण्याची नोटीस तेवढी थांबत नाही. शिवाय भाड्याच्या घरात काम करायला घरमालकाची संमती लागते, आणि बिल भाडेकरू भरत असल्यामुळे मालकाला त्यात रस नसतो. अशा कुटुंबाला घरसुधारणेची योजना कागदावरच मिळते. अमेरिकेतसुद्धा बिलाच्या मदतीसाठी १९८१ मध्ये सुरू झालेला वेगळा संघीय कार्यक्रम घरसुधारणेच्या कार्यक्रमाच्या जोडीने चालू ठेवला गेला आहे, आणि त्यातील निधीचा काही हिस्सा राज्यांना घरसुधारणेकडे वळवता येतो. दोन्हींत निवड करायची नसून प्रमाण ठरवायचे आहे.

या मदतीचे यश मी तीन प्रश्नांनी पाहीन. पुरवठा चालू राहिला का, हा पहिला. मदतीनंतर एक महिन्याने याचे उत्तर जवळपास नेहमीच 'हो' येते, आणि त्यातून काहीच कळत नाही. तेच बारा महिन्यांनी विचारा: थकबाकी पुन्हा उभी राहिली का, कुटुंब त्याच मदतीसाठी परत आले का? परत येणे हे अपयशच असे मात्र समजू नका, कारण उत्पन्न आणि बिल यांतले अंतर कायम असेल तर एकदाच दिलेली रक्कम ते कसे भरून काढणार? आणि जिथे आधी पैसे भरून वीज मिळणारे प्रीपेड मीटर आहेत तिथे विशेष सावध राहा. पैसे संपले की पुरवठा आपोआप थांबतो आणि कंपनीच्या नोंदीत 'पुरवठा तोडला' असे कुठेच येत नाही. अशा घरांत रिचार्ज किती अंतराने झाला आणि मधले किती तास मीटर शून्यावर होता हे मागवावे लागते.

दुसरा प्रश्न, मदत पोचली कुणापर्यंत? आकडेमोड यांनी सांगितलेल्या मिशिगनच्या प्रयोगातली एक बाब मला बचतीच्या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. काम संपूर्ण विनामूल्य असूनही, आणि घरोघरी जाऊन मदत करूनही, प्रोत्साहन दिलेल्या गटातील ६ टक्क्यांहून कमी कुटुंबांनी अखेर लाभ घेतला, आणि काम झालेल्या प्रत्येक घरामागे केवळ प्रोत्साहनावर हजार डॉलरहून अधिक खर्च झाला. उत्पन्नाचे दाखले, मालकीची कागदपत्रे, कामाचा रोज बुडवून दिलेल्या भेटी, ही सगळी गरिबाने भरलेली किंमतच आहे, फक्त ती आपल्या जमाखर्चात दिसत नाही. म्हणून पात्र किती, अर्ज किती, अपूर्ण कागदांमुळे नाकारलेले किती, आणि प्रत्यक्ष लाभ किती, ही उतरंड अहवालात द्या.

पात्र कोण, हेही वाटते तितके सरळ नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम पुरेशा उबेसाठी लागणारे कुटुंब 'इंधन-गरीब' मानले जाई. या व्याख्येत गरजेचा खर्च धरला जाई, प्रत्यक्ष बिल नव्हे, आणि उंबरा यांनी मांडलेली अडचण तिने चांगली टाळली होती. पण इंधनाचे भाव चढले की सुस्थितीतील कुटुंबेही तिच्यात येऊ लागत. इंधन-गरिबीच्या व्याख्येवरील २०१२ मधील हिल्स अहवालानंतर इंग्लंडने कमी उत्पन्न आणि जास्त खर्च अशी दुहेरी कसोटी स्वीकारली, आणि २०२१ पासून खर्चाच्या जागी घराची ऊर्जा-कार्यक्षमता घेतली. व्याख्या बदलली की त्याच देशातील गरिबांची संख्या बदलते. तेव्हा तुमची पात्रतेची कसोटी कोणती आणि ती कोणाला वगळते हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे.

तिसरा प्रश्न वापराचा, आणि इथे थोडा धक्का बसेल असा एक पुरावा आहे. ब्रिटनमध्ये वृद्धांना हिवाळ्यात 'इंधनासाठी' म्हणून रोख रक्कम दिली जाते. ती कशावर खर्च करायची याचे कोणतेही बंधन नाही. तरीही २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की त्या रकमेपैकी सुमारे ४७ टक्के इंधनावर खर्च होते, आणि नाव नसलेले तेवढेच उत्पन्न वाढले असते तर हा वाटा अवघा ३ टक्के राहिला असता. म्हणजे मदतीला दिलेले नाव आणि ती देण्याची वेळ यांचाही परिणाम होतो. याउलट एकदाच दिलेली वस्तू पुढे वापरली जाईलच असे नाही. उज्ज्वला योजनेत कोट्यवधी घरांत गॅसजोडणी पोचली, हे मोठेच काम होते, पण महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात, जोडणीला वर्षाहून अधिक काळ झालेल्या लाभार्थ्यांचा वार्षिक सरासरी वापर डिसेंबर २०१८ अखेर ३.२१ सिलिंडर इतकाच निघाला. जोडण्या मोजणाऱ्याला एक योजना दिसते आणि भरलेले सिलिंडर मोजणाऱ्याला दुसरी. तुमच्या अहवालात या दोन्ही रकाने असू द्या.

आकडेमोड

ओळंबा आणि उंबरा यांच्यातील मतभेद पुढच्या फेरीत मिटवता येण्यासारखा आहे आणि त्याला फार खर्चही येत नाही. नव्याने निवडलेल्या घरांपैकी काहींमध्ये, आणि प्रतीक्षायादीतील तितक्याच घरांमध्ये, कामाच्या आधीच्या हंगामापासून तापमान व आर्द्रता नोंदवणारी छोटी यंत्रे बसवावीत. एक बैठकीच्या खोलीत आणि एक झोपण्याच्या खोलीत पुरेसे आहे. सोबत कामानंतरची गळती-चाचणी ठेवावी. वापर उतरला नाही, तापमान सुधारले आणि गळती घटली, तर सुखसोयीचे स्पष्टीकरण खरे. तिन्ही जागच्या जागी असतील तर काम वाईट झाले आहे. गळती घटली पण तापमान आणि वापर दोन्ही हललेच नाहीत, तर प्रारूपाच्या गृहीतकांकडे बघावे. मात्र घरातील लाकूड, रॉकेल किंवा अन्य इंधनाचा वापरही विचारून घ्यावा, नाहीतर एका इंधनाकडून दुसऱ्याकडे झालेली वाटचाल बचत किंवा वाढ म्हणून नोंदली जाईल.

उंबरा यांना एक सावधगिरीची सूचना करते. आरोग्याचे फायदे पैशात मांडताना त्यांतील थोडेसे गृहीतक बदलले तरी संपूर्ण निकाल पालटतो. मिशिगनच्या ज्या कार्यक्रमाचा ताळेबंद उणे निघाला, त्याच कार्यक्रमाचे ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने देशपातळीवर केलेले मूल्यमापन आरोग्य व सुरक्षिततेचे फायदे धरून चांगलेच अधिक निघाले. म्हणून मी दोन ओळी स्वतंत्र ठेवीन: मोजलेली ऊर्जा आणि तिची किंमत एका ओळीत, आरोग्य व इतर फायदे त्यांच्या गृहीतकांसह दुसऱ्या ओळीत. बेरीज वाचणाऱ्याने करावी.

निरांजन, निधी देणाऱ्यांना एका ओळीचे उत्तर हवे असेल तर तेही देता येते, पण ते सर्व घरांच्या सरासरीचे नसावे. छताचे इन्सुलेशन, फटी बुजवणे आणि उपकरण बदलणे यांचे निकाल वेगळे काढा, आणि सुरुवातीचा वापर जास्त असलेली व कमी असलेली घरेही वेगळी काढा. जास्त वापराच्या घरांत ऊर्जा वाचते, कमी वापराच्या घरांत राहणीमान सुधारते, आणि दोन्हींना एकाच सरासरीत घातले की दोन्ही परिणाम अर्धे दिसतात. पहिल्या हंगामाच्या आकड्यांवर अहवाल पाठवण्याची सक्ती असेल तर तो 'अंतरिम' म्हणूनच पाठवा. भिंतीतला माल खाली बसला की नाही आणि कुटुंबाची सवय कुठे स्थिरावली, हे दुसऱ्या हंगामाच्या बिलांशिवाय दिसत नाही.